कापण्याआधी आत पाहणे : अणुभट्टीतून काढलेल्या इंधनाची न्यूट्रॉन रेडिओग्राफी

अणुभट्टीतून काढलेली इंधन पिन (इंधन भरलेली बारीक धातूची नळी) हॉट सेलमध्ये, म्हणजे किरणोत्सर्गी वस्तू दुरून हाताळण्याच्या जाड भिंतींच्या खोलीत, आली की तिच्या आत काय घडले आहे हे जाणून घेण्याचे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग ती कापण्याचा. कापल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पेलेटची, म्हणजे नळीतल्या इंधनाच्या वडीची, रचना दिसते, रासायनिक विश्लेषण करता येते, आवरणाची, म्हणजे बाहेरच्या नळीची, ताकद मोजता येते. मात्र पहिला छेद घेताच आत साठलेला वायू निघून जातो, भेगाळलेल्या पेलेटचे तुकडे जागचे हलतात आणि पिन अणुभट्टीतून जशी आली होती तशी पुन्हा कधीही पाहायला मिळत नाही. दुसरा मार्ग न कापता पाहण्याचा आहे, आणि त्या मार्गावर आतले इतके तपशील दाखवणारे न्यूट्रॉन रेडिओग्राफीसारखे, म्हणजे न्यूट्रॉनचा झोत पिनमधून पार करून फिल्मवर चित्र घेण्यासारखे, साधन क्वचितच सापडते. कुठे कापायचे आणि कुठे कापण्याची गरजच नाही, हे या फिल्मवरून ठरते. म्हणून ही चाचणी तपासणीच्या यादीतील एक औपचारिकता समजून उरकणे मला नेहमीच चुकीचे वाटत आले आहे.

हा लेख वापरलेल्या इंधनाच्या तपासणीच्या कामात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यांसाठी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे. साधी क्ष-किरण रेडिओग्राफी त्यांना माहीत आहे, पण किरणोत्सर्गी इंधनासमोर फिल्म कशी वापरायची हे अजून पाहिलेले नाही, असे मी गृहीत धरले आहे. उदाहरण म्हणून मुख्यतः कल्पक्कमची कामिनी अणुभट्टी डोळ्यांसमोर ठेवली आहे. जिथे तुलना उपयोगी पडेल तिथे अमेरिकेतील आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या एनरॅड अणुभट्टीचा उल्लेख येईल.

क्ष-किरण का पुरत नाहीत

अडचणी दोन आहेत आणि त्या स्वतंत्र आहेत. पहिली म्हणजे वापरलेले इंधन स्वतःच प्रचंड गॅमा किरण सोडत असते. त्याच्याजवळ ठेवलेली कोणतीही साधी फिल्म बाहेरचा किरण पडण्याआधीच काळवंडते. दुसरी म्हणजे युरेनियम आणि प्लुटोनियम ही अतिशय जड मूलद्रव्ये असल्याने क्ष-किरण त्यांच्यातून फार कमी पार होतात. उलट आवरणाच्या धातूतील, स्प्रिंगमधील किंवा टोकाच्या वेल्डमधील दोष क्ष-किरणांना चांगले दिसतात. त्यामुळे हॉट सेलमध्ये क्ष-किरण रेडिओग्राफीला तिचे स्थान आहे, परंतु इंधनाच्या पोटात डोकावणे हे तिचे काम नव्हे.

न्यूट्रॉनचा हिशेब अणुक्रमांकावर चालत नाही. तो अणुकेंद्रकाच्या स्वभावावर चालतो. मंद, म्हणजे थर्मल न्यूट्रॉनसाठी युरेनियम-२३५ चा शोषण काटछेद (न्यूट्रॉन पकडण्याची शक्यता दाखवणारे माप; त्याचे एकक बार्न) सुमारे ६८० बार्न आहे, युरेनियम-२३८ चा जेमतेम २.७ बार्न आहे, प्लुटोनियम-२३९ चा हजाराच्या वर जातो आणि झिर्कोनियमचा ०.२ बार्नपेक्षाही कमी आहे. शिसे न्यूट्रॉनला बरेचसे पारदर्शक असते, तर हायड्रोजन त्यांना जोराने विखुरतो. म्हणजे एकाच फिल्मवर आवरण जवळपास नाहीसे होते, इंधन ठळक उठून दिसते, आणि आवरणात हायड्रोजन शिरला असेल तर त्याचीही चाहूल लागते.

कामिनीची मांडणी

कामिनी ही इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातील ३० किलोवॉट क्षमतेची लहान अणुभट्टी आहे. ती ऑक्टोबर १९९६ मध्ये क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यात विखंडनाची साखळी स्वतःच्या बळावर चालू लागली. तिचे इंधन थोरियमपासून मिळवलेल्या युरेनियम-२३३ चे, ॲल्युमिनियमसोबतच्या मिश्रधातूच्या पट्ट्यांच्या रूपातले आहे, आणि गाभ्याभोवती बेरिलियम ऑक्साइडचा परावर्तक आहे. नव्याने येणाऱ्याने मात्र तिच्या इंधनापेक्षा तिच्या जागेकडे आधी लक्ष द्यावे. ती रेडिओमेटलर्जी प्रयोगशाळेच्या हॉट सेलखाली बसवली आहे. तपासायची पिन जड शिसपेटीत घालून दुसऱ्या इमारतीत न्यावी लागत नाही. ती हॉट सेलमधून थेट खाली न्यूट्रॉनच्या झोतासमोर उतरवता येते. आयडाहो येथील २५० किलोवॉटची ट्रिगा प्रकारची एनरॅड अणुभट्टीही अशीच, इंधन तपासणीच्या मोठ्या हॉट सेलच्या तळाशी आहे. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन संस्थांनी हाच मार्ग निवडला, कारण वापरलेले इंधन हलवणे हे या कामातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत जोखमीचे पाऊल असते.

महाराष्ट्रातील वाचकांना ट्रॉम्बेची आठवण होणे साहजिक आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झालेल्या अप्सरा अणुभट्टीवर न्यूट्रॉन रेडिओग्राफीचे काम होत असे, ध्रुव अणुभट्टीवर आज न्यूट्रॉन प्रतिमांकनाची स्वतंत्र बीमलाइन (झोत बाहेर आणणारी वाट) आहे, आणि तारापूरच्या इंधनाची तपासणी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या हॉट सेलमध्ये झालेली आहे.

पहिली पायरी : प्रश्न लिहून काढा

झोत सुरू करण्याआधी कागदावर प्रश्न हवा. ‘पिन कशी आहे ते पाहू’ हा प्रश्न नव्हे. इंधनस्तंभाची लांबी किती वाढली, पेलेटमध्ये मोकळी जागा पडली का, पेलेटच्या मध्यभागी पोकळी तयार झाली का, एखादा तुकडा प्लेनममध्ये, म्हणजे वायूसाठी ठेवलेल्या रिकाम्या जागेत, सरकला का, आवरणाला भोक पडून पाणी आत शिरले का आणि त्यामुळे हायड्राइड (आवरणाचा धातू आणि हायड्रोजन यांचे संयुग) साचले का, हे खरे प्रश्न आहेत. प्रत्येकासाठी फॉइल, अंतर आणि पिनची दिशा वेगळी असू शकते. कल्पक्कमच्या फास्ट ब्रीडर टेस्ट रिॲक्टरमधील कार्बाइड इंधनाच्या बाबतीत स्तंभाची लांबी हा कळीचा प्रश्न होता, कारण ७० टक्के प्लुटोनियम असलेले असे मिश्र कार्बाइड इंधन जगात इतरत्र वापरले गेले नव्हते. ते किती फुगते हे मोजूनच त्याचा वापर, म्हणजे एक टन इंधनामागे मिळवलेली ऊर्जा, टप्प्याटप्प्याने प्रति टन १६५ गिगावॉट-दिवसांपर्यंत वाढवता आला.

सोबतच्या कागदपत्रांत पिनचा क्रमांक, वरचे टोक कोणते, भट्टीतील जागा, वापर किती झाला, थंड होण्यासाठी किती काळ ठेवली आणि आधीच्या गॅमा स्कॅनिंगचा (पिनच्या लांबीभर तिचे गॅमा किरण मोजण्याचा) आलेख हे सगळे असावे. गॅमा स्कॅनचा आलेख हाताशी नसताना न्यूट्रॉन फिल्म वाचायला बसू नये. आलेखात जिथे खळगा आहे तिथे फिल्मवर फट दिसली, तर दोन्ही साक्षी जुळतात.

दुसरी पायरी : न्यूट्रॉन पार होतील का, याचा हिशेब

ही पायरी नवखे लोक सर्रास वगळतात, आणि मग पांढऱ्या पट्ट्याशिवाय काहीच न दाखवणारी फिल्म हाती येते. दोन टोकांची उदाहरणे घेऊ.

जड पाण्याच्या अणुभट्टीतील १९ पिनांच्या गठ्ठ्यातली एक पिन घ्या. तिचा बाहेरचा व्यास सुमारे १५ मिमी असतो आणि आत नैसर्गिक युरेनियमचा ऑक्साइड असतो. विखुरणे आणि शोषण मिळून एक सेंटीमीटरमागे क्षीणन गुणांक (झोत किती झपाट्याने घटतो ते दाखवणारा आकडा) ०.६ च्या आसपास येतो, म्हणजे पेलेटच्या मध्यातून जाणाऱ्या थर्मल न्यूट्रॉनपैकी चाळीसेक टक्के पलीकडे पोहोचतात. वापरानंतर प्लुटोनियम आणि विखंडनातून आलेली मूलद्रव्ये भरल्याने हे प्रमाण थोडे घटते, तरीही आतले तपशील दिसण्याइतके न्यूट्रॉन पलीकडे येतात.

आता फास्ट ब्रीडर टेस्ट रिॲक्टरची पिन घ्या. तिचा व्यास ५.१ मिमी, आतली पेलेट सुमारे ४ मिमीची. लहान पिन म्हणजे सोपे काम, असे वाटेल. पण प्लुटोनियम इतके दाट भरले आहे की एक सेंटीमीटरमागे क्षीणन गुणांक अठरा-वीसच्या घरात जातो, आणि पेलेटच्या मध्यातून हजारात एखादा थर्मल न्यूट्रॉनच पार होतो. अशा पिनचे थर्मल चित्र म्हणजे फक्त तिची बाह्यरेषा असते. स्तंभाची लांबी, पेलेटमधल्या फटी आणि बाहेरची कड मोजायला ते उत्तम आहे, कारण कड तीक्ष्ण येते. मध्यभागी पोकळी आहे का, या प्रश्नाला मात्र ते उत्तर देऊ शकत नाही. तिथे थोड्या अधिक ऊर्जेचे, म्हणजे एपिथर्मल न्यूट्रॉन लागतात. त्या ऊर्जेला शोषण बरेच घटते आणि पेलेटच्या आतून पुरेसे न्यूट्रॉन पलीकडे येतात.

म्हणून माझा आग्रह असा, की वापरलेल्या इंधनाची थर्मल आणि एपिथर्मल अशी दोन्ही चित्रे नेहमी जोडीनेच घ्यावीत आणि जोडीनेच वाचावीत. एकट्या चित्रावरून काढलेला निष्कर्ष अर्धवट ठरण्याचा धोका असतो.

तिसरी पायरी : फॉइलची निवड

गॅमाच्या त्रासातून सुटण्याची युक्ती साधी आहे. झोतासमोर फिल्म ठेवायचीच नाही. तिथे धातूची पातळ फॉइल ठेवायची. पिनमधून पार झालेले न्यूट्रॉन फॉइलला जागोजागी कमी-अधिक किरणोत्सर्गी करतात, तर पिनचे गॅमा किरण फॉइलवर कोणताही ठसा सोडत नाहीत. मग फॉइल बाहेर काढून अंधाऱ्या खोलीत फिल्मला चिकटवली की फॉइलमधून निघणारे बीटा कण फिल्मवर चित्र उमटवतात. याला स्थानांतर पद्धत म्हणतात.

थर्मल चित्रासाठी डिस्प्रोसियमची फॉइल वापरतात. नैसर्गिक डिस्प्रोसियममध्ये डिस्प्रोसियम-१६४ सुमारे २८ टक्के असते, त्याचा काटछेद २,६०० बार्नहून अधिक आहे, आणि त्यापासून बनणाऱ्या डिस्प्रोसियम-१६५ चे अर्धायुष्य २.३३ तास आहे. एपिथर्मल चित्रासाठी इंडियम वापरतात. इंडियम-११५ चे १.४६ इलेक्ट्रॉन-व्होल्टला जोरदार अनुस्पंदन असते (त्या ऊर्जेच्या न्यूट्रॉनची पकड एकदम वाढते) आणि त्यातून तयार होणारे इंडियम-११६ चे उद्दीपित रूप ५४ मिनिटांच्या अर्धायुष्याने क्षय पावते. इंडियम थर्मल न्यूट्रॉनही पकडते, म्हणून त्याच्यापुढे कॅडमियमचा पत्रा लावावाच लागतो. एक मिलिमीटर कॅडमियम सुमारे अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टखालचे जवळपास सगळे न्यूट्रॉन अडवते. कॅसेटमध्ये, म्हणजे फॉइल बसवण्याच्या बंद डबीत, पुढे डिस्प्रोसियम, मग कॅडमियम आणि मागे इंडियम अशी रचना केली की एकाच प्रकाशनात (एकदा झोतासमोर ठेवण्यात) दोन्ही चित्रे मिळतात आणि पिन दोन्ही वेळा अगदी त्याच जागी असते. ही रचना शक्य असेल तिथे तीच स्वीकारावी.

नायट्रोसेल्युलोजची फिल्म हा तिसरा पर्याय आहे. तिच्याशेजारी बोरॉन किंवा लिथियमचा थर असतो. न्यूट्रॉनमुळे त्यातून निघणारे अल्फा कण फिल्मवर सूक्ष्म ओरखडे पाडतात आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या कोमट द्रावणात ते ओरखडे मोठे होऊन दिसू लागतात. ही फिल्म गॅमा आणि बीटाला दाद देत नाही, म्हणून ती थेट पिनशेजारी ठेवता येते. तिचे चित्र फिकट पण रेखीव असते. व्यास आणि फटी मोजण्यासाठी मला ती पसंत आहे; बारीक भेगा शोधण्यासाठी नाही.

फिल्मऐवजी इमेजिंग प्लेट वापरता येते. ती अधिक संवेदनशील असते आणि तिची प्रतिक्रिया मोठ्या पल्ल्यात सरळ रेषेत राहते. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेने न्यूरॅप या व्यवस्थेत वापरलेल्या इंधनासाठी डिस्प्रोसियम आणि इमेजिंग प्लेट यांचीच जोडी वापरली. अगदी बारीक तपशिलासाठी मात्र एका बाजूला इमल्शन असलेल्या औद्योगिक फिल्मचे महत्त्व अजून टिकून आहे.

चौथी पायरी : भूमिती

अणुभट्टीतून न्यूट्रॉन एका छिद्रातून, म्हणजे कॉलिमेटरच्या तोंडातून बाहेर येतात. त्या छिद्राचा व्यास ‘डी’ आणि छिद्रापासून पिनपर्यंतचे अंतर ‘एल’ यांचे गुणोत्तर, म्हणजे एल/डी, हा कोणत्याही बीमलाइनचा पहिला आकडा. पिनच्या मध्यापासून फॉइलपर्यंतचे अंतर या गुणोत्तराने भागले की भूमितीमुळे येणारी अस्पष्टता मिळते. एल/डी १५० असेल आणि पिन फॉइलपासून ३० मिमी दूर असेल तर कड ०.२ मिमी पसरते. पेलेट आणि आवरण यांच्यामधली फट बहुधा याहून लहान असते, म्हणजे ती या मांडणीत दिसणारच नाही. हेच अंतर १० मिमीवर आणले तर अस्पष्टता ०.०७ मिमीच्या खाली येते.

अडचण अशी, की पिन उघडी ठेवता येत नाही. ती दूषित असते, म्हणून पातळ ॲल्युमिनियमच्या बंद नळीत उतरवावी लागते. नळीचा व्यास आणि भिंतीची जाडी शक्य तितकी कमी ठेवणे, आणि पिन नळीच्या मध्याऐवजी फॉइलच्या बाजूला टेकेल अशी धारक रचना करणे, एवढ्याने चित्रात जो फरक पडतो तो नंतर संगणकावर कितीही प्रक्रिया करून मिळत नाही.

पिन लांब असेल तर भागाभागाने प्रकाशने घ्यावीत आणि शेजारच्या दोन चित्रांत काही सेंटीमीटरचा सामाईक भाग ठेवावा. प्रत्येक चित्रात कॅडमियमच्या खुणांची मोजपट्टी असलीच पाहिजे. शिशाची अक्षरे क्ष-किरण फिल्मवर चालतात, न्यूट्रॉन फिल्मवर ती पुसट होतात.

एका दिशेने घेतलेले चित्र पुरेसे मानू नये. झोताच्या रेषेत असलेली भेग स्पष्ट दिसते आणि झोताला आडवी असलेली भेग अजिबात दिसत नाही. पिन ९० अंशांत फिरवून दुसरे चित्र घेणे हा किमान नियम आहे.

पाचवी पायरी : वेळेचे गणित

फॉइल झोतात कितीही वेळ ठेवली तरी तिची किरणोत्सर्गिता एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, कारण जितकी नवी तयार होते तितकी जुनी क्षय पावते. एका अर्धायुष्यात मर्यादेच्या ५० टक्के, दोनात ७५ टक्के, तिनात ८७.५ टक्के. डिस्प्रोसियमसाठी तीन अर्धायुष्ये म्हणजे सात तास आणि इंडियमसाठी पावणेतीन तास. याहून अधिक वेळ ठेवून फारसे काही हाती लागत नाही. कमी शक्तीच्या अणुभट्टीत हीच मर्यादा कामाचा दिवस ठरवते. झोत जोरदार असेल तर अर्ध्या तासाहून कमी वेळातही काम भागू शकते.

प्रकाशन संपल्यावर काही मिनिटे थांबावे. ॲल्युमिनियमच्या कॅसेटमध्ये तयार झालेले ॲल्युमिनियम-२८ सव्वादोन मिनिटांच्या अर्धायुष्याचे असते. दहा-बारा मिनिटांत त्याचा जोर ओसरतो आणि कॅसेट हाताळणाऱ्याला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा घटते. परंतु रेंगाळूही नये. पाच मिनिटांच्या उशिराने डिस्प्रोसियमचे सुमारे अडीच टक्के नुकसान होते, तर इंडियमचे सहा टक्क्यांहून अधिक. म्हणून इंडियमची फॉइल आधी फिल्मवर लावावी, डिस्प्रोसियमची नंतर.

कॅसेट अंधाऱ्या खोलीत नेण्यापूर्वी तिचे स्वाइप (कागदाने पुसून घेतलेला नमुना) घेऊन मोजणी करावी. इथे घाई करणाऱ्याला मी कामावरून थांबवण्याच्या मताचा आहे, कारण दूषितता एकदा अंधाऱ्या खोलीत पोहोचली की फिल्मही खराब होते आणि माणसेही धोक्यात येतात. फॉइल स्वतः बीटा सोडत असते, तेव्हा ती चिमट्याने धरावी, हातमोजे घालावेत आणि बोटांचा डोसिमीटर वापरावा.

फिल्म आणि फॉइल यांच्यात हवेचा पापुद्राही राहू नये. त्यासाठी निर्वात कॅसेट वापरतात. फिल्मवर ठेवण्याचा काळही तीन अर्धायुष्यांच्या आसपासच असतो. डिस्प्रोसियमची फॉइल त्यामुळे सहसा रात्रभर फिल्मवर राहते.

सहावी पायरी : फॉइलचा पुन्हा वापर

दहा अर्धायुष्यांनंतर मूळ किरणोत्सर्गितेचा हजारावा भाग उरतो. डिस्प्रोसियमसाठी ही मुदत एक दिवस, इंडियमसाठी नऊ तास. इंडियमच्या बाबतीत मात्र एवढ्यावर विसंबू नये. झोतात जलद न्यूट्रॉन असतील तर साडेचार तास अर्धायुष्याचे इंडियम-११५ चे उद्दीपित रूपही तयार होते आणि नऊ तासांनी त्याचा चौथा भाग शिल्लक असतो. शिवाय नैसर्गिक इंडियममधल्या चार टक्के इंडियम-११३ पासून सुमारे ५० दिवस अर्धायुष्याचे इंडियम-११४ चे उद्दीपित रूप साचत जाते. प्रत्येक फॉइलला क्रमांक द्यावा, वापराची नोंद ठेवावी, आणि अधूनमधून न वापरलेल्या फिल्मवर ती रात्रभर ठेवून जुन्या पिनची सावली उमटत नाही ना हे तपासावे. जुन्या चित्राची सावली नव्या पिनमधला दोष म्हणून नोंदली गेली, तर पुढची सगळी तपासणी भरकटते.

सातवी पायरी : झोताची आणि फिल्मची गुणवत्ता

प्रत्येक प्रकाशनात झोताच्या शुद्धतेचा दर्शक ठेवावा. हा टेफ्लॉनचा छोटा ठोकळा असतो. त्यात बोरॉन नायट्राइडच्या दोन चकत्या, शिशाच्या दोन चकत्या आणि कॅडमियमच्या दोन तारा बसवलेल्या असतात. चकत्यांखालच्या फिल्मची घनता मोजून थर्मल न्यूट्रॉनचा, विखुरलेल्या न्यूट्रॉनचा आणि गॅमाचा वाटा काढतात. तारांच्या रेखीवपणावरून अस्पष्टतेचा अंदाज येतो. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या ई५४५ मानकात ही पद्धत दिली आहे. स्थानांतर पद्धतीत गॅमाचा वाटा शून्याजवळच यायला हवा. तो येत नसेल, तर कॅसेट अंधाऱ्या खोलीत येईपर्यंत किंवा आल्यावर फिल्मवर कुठून तरी किरण पडला आहे, असे समजून शोध घ्यावा. एपिथर्मल चित्रावर हा दर्शक त्याच अर्थाने वाचता येत नाही, कारण बोरॉनची पकड ऊर्जा वाढेल तशी सैल होते.

पिनची मापे काढायची असतील तर माहीत असलेल्या व्यासाच्या पेलेट आणि माहीत असलेल्या फटी असलेली न वापरलेली प्रमाण पिन शेजारी ठेवणे सर्वांत खात्रीचे. युरोपातील न्यूट्रॉन रेडिओग्राफीच्या कार्यगटाने यासाठी खास प्रमाण पिन तयार करून घेतली होती.

आठवी पायरी : चित्र वाचणे

स्थानांतर फिल्मवर जिथे जास्त न्यूट्रॉन पोहोचले तिथे फिल्म काळी होते. म्हणजे इंधन उजळ दिसते, आणि फटी, भेगा व पोकळ्या काळ्या. एपिथर्मल चित्रात पेलेटच्या अक्षालगत वर-खाली सलग जाणारी काळसर पट्टी ही मध्यवर्ती पोकळीची खूण असते. जलद अणुभट्टीच्या ऑक्साइड इंधनात ती अपेक्षितच असते, कारण मध्यभागी तापमान इतके चढते की सच्छिद्रता आतल्या दिशेने सरकत जाते. थर्मल चित्रात उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीतील गॅडोलिनियम मिसळलेल्या पेलेट वेगळ्या उठून दिसतात. गॅडोलिनियमचा काटछेद जवळपास ४९,००० बार्न असल्याने ते किती जळून गेले आहे याचाही अंदाज येतो. आवरणावर दोन्ही कडांना उजळ डाग दिसले तर हायड्राइडची शंका घ्यावी, विशेषतः त्या पिनला गळती असल्याची आधीची नोंद असेल तर.

धातूचे इंधन वेगळी भाषा बोलते. आयडाहोच्या ईबीआर-२ अणुभट्टीतील युरेनियम-झिर्कोनियम पिना सोडियमने भरलेल्या असत. इंधन फुगून आवरणाला टेकेपर्यंत त्याला मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असे. तिथे रेडिओग्राफवर पहिला प्रश्न इंधनाचे वरचे टोक किती वर सरकले हाच असे.

फसवणाऱ्या खुणा आधी ओळखून ठेवाव्यात. जलद अणुभट्टीच्या पिनेभोवती गुंडाळलेली अंतरक तार ठराविक अंतराने तिरकी जाते आणि तिची फिकट रेषा नवख्याला दोषासारखी भासते. पेलेटच्या टोकाला मुद्दाम ठेवलेला खोलगट भाग फटीसारखा दिसतो. फिल्मवरचा ओरखडा आणि भेग यांतला फरक दुसऱ्या फॉइलचे चित्र पाहिले की लगेच कळतो: खरी भेग दोन्हीकडे असते. रसायनाचा डाग एकाच फिल्मवर असतो.

वापर खूप झालेल्या इंधनात क्युरियम साचते आणि ते स्वतःहून न्यूट्रॉन सोडते. त्याने चित्र बिघडेल का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे. अणुभट्टीच्या झोतापुढे हे न्यूट्रॉन सहसा नगण्य ठरतात. झोत बंद असताना फॉइल पिनशेजारी तितकाच वेळ ठेवून एकदा खात्री करून घ्यावी.

टोमोग्राफी आणि पुढचे मार्ग

पिन थोडी थोडी फिरवत शेकडो चित्रे घेतली की संगणक तिचा आडवा छेद उभा करतो. पेलेटचा कोणता तुकडा कुठे सरकला हे त्यातून थेट कळते. स्थानांतर पद्धतीत मात्र प्रत्येक चित्राला नवी फॉइल आणि कित्येक तास लागतात, म्हणून फॉइलने केलेली टोमोग्राफी अतिशय चिकाटीचे काम आहे. गॅमाला न दिपणारे डिजिटल शोधक हे याचे उत्तर आहे. सूक्ष्मवाहिनी पट्ट्यांच्या शोधकांमुळे अमेरिकेतील लॉस अलामोस येथील स्पंदित (थांबून थांबून न्यूट्रॉन सोडणाऱ्या) स्रोतावर प्रत्येक न्यूट्रॉन किती वेळात पोहोचला हे मोजून त्याची ऊर्जा ठरवता येते. युरेनियम-२३८ चे पहिले अनुस्पंदन ६.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्टला आहे, प्लुटोनियम-२४० चे १.०६ ला. त्या त्या ऊर्जेची चित्रे वेगळी काढली की पेलेटमध्ये कोणता समस्थानिक कुठे आहे याचा नकाशाच मिळतो. या पद्धतीकडे मी मोठ्या आशेने पाहतो. तरीही हॉट सेलखाली बसवलेली छोटी अणुभट्टी आणि डिस्प्रोसियमची फॉइल यांचे रोजचे काम ती लगेच हातात घेणार नाही, कारण अत्यंत किरणोत्सर्गी पिन स्पंदित स्रोतापर्यंत नेणे हाच मोठा प्रकल्प ठरतो. ज्याला हे शास्त्र शिकायचे आहे त्याने सुरुवात फॉइलपासूनच करावी.

शेवटची पायरी : छेदाचा आराखडा

फिल्म किमान १६ बिट खोलीवर स्कॅन करावी आणि मूळ स्कॅन कोणतीही प्रक्रिया न करता जपून ठेवावा. लांबी मोजताना झोत किंचित पसरत जातो हे विसरू नये. मापाला ‘एल’ भागिले ‘एल अधिक पिन-फॉइल अंतर’ या गुणकाने गुणावे लागते. चार मीटर अंतरावरून येणाऱ्या झोतात ३० मिमीच्या अंतराने पाऊण टक्का फरक पडतो, आणि स्तंभाची वाढच जिथे दोन-तीन टक्के अपेक्षित असते तिथे हा फरक दुर्लक्षिता येत नाही.

त्यानंतर पिनच्या खालच्या टोकापासून मिलिमीटरमध्ये स्थाने लिहून आराखडा तयार करावा: इथे मध्यवर्ती पोकळी सर्वांत मोठी आहे, इथे पेलेटमध्ये फट आहे, इथे सर्व काही सामान्य दिसते म्हणून तुलनेसाठी एक छेद इथेही हवा. सामान्य भागातला छेद अनेकजण टाळतात, पण त्याच्याशिवाय असामान्य भागाचे मोजमाप कशाशी ताडायचे हा प्रश्न उरतो. वायू गोळा करण्यासाठी प्लेनमला छिद्र पाडायचे असेल तर ती जागाही रेडिओग्राफवरूनच ठरवावी, म्हणजे सरकून आलेल्या तुकड्यावर किंवा स्प्रिंगवर ड्रिल जाणार नाही. कापलेल्या तुकड्याचे सूक्ष्मदर्शकी छायाचित्र आले की ते त्याच पिनच्या फाइलमध्ये रेडिओग्राफशेजारी लावावे, आणि फिल्मवर जी खूण भेग म्हणून वाचली होती ती छेदात भेगच निघाली का, याची नोंद दिनांकासह तिथेच करावी.